जुन्या वळणाचं अरुंद अक्षर: निवड, मांडणी आणि छपाई

केळी वेफर्सचं पाकीट, यात्रेचा उभा बॅनर, अगरबत्तीची डबी, स्मरणिकेचं मुखपृष्ठ. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कुठल्याही डीटीपीच्या दुकानात रोज येणारी ही कामं. या सगळ्यांत उंची भरपूर असते आणि रुंदी कमी. गिऱ्हाईक म्हणतं, "नाव मोठं दिसलं पाहिजे." मग ऑपरेटर नेहमीचा फॉन्ट घेतो, दोन्ही बाजूंनी दाबतो आणि नाव बसवतो. नाव बसतं, पण चार पावलं मागं सरलं की वाचता येत नाही.

अशा जागेसाठी एक खास जातीचं अक्षर दोनशे वर्षांपासून वापरात आहे. अंगानं अरुंद, उंचीनं भरपूर, जाड-बारीक रेघांचं आणि टोकांना सेरिफ असलेलं. ते मुळात रोमन लिपीचं. देवनागरीत त्याचा उपयोग करायचा तर थोडा विचार करावा लागतो, आणि तो विचार आपल्याकडे फारसा कुणी करत नाही, म्हणून हा लेख. माझं मुख्य म्हणणं आधीच सांगतो: अरुंद अक्षर हे मुळातच अरुंद रेखाटलेलं असावं लागतं. रुंद अक्षर दाबून ते तयार होत नाही.

## ओळखायचं कसं

उभे दांडे जाड असतात, आडव्या आणि जोडणाऱ्या रेघा बारीक. दांड्याच्या वर आणि खाली छोट्या आडव्या पट्ट्या निघालेल्या असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. रोमन 'ओ' गोल नसून उभा लंबगोल असतो आणि त्याच्या दोन्ही कडा जवळजवळ सरळ असतात. इंग्रजी लहान लिपीतली अक्षरं मोठ्या लिपीच्या मानानं बरीच उंच असतात. 'सी', 'आर', 'एफ' अशा लहान अक्षरांच्या टोकाला थेंबासारखी गोलाई दिसते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, अक्षराच्या पोटातली पोकळी आणि दोन अक्षरांमधलं अंतर जवळपास सारखं असतं. त्यामुळे लांबून पाहिलं की शब्द वाचायच्या आधीच उभ्या दांड्यांची एक लय डोळ्यात भरते. ही लय म्हणजे या अक्षराचा प्राण. ती बिघडली तर बाकीच्या खुणा असून नसल्यासारख्या.

हे अक्षर का जन्मलं ते कळलं की कुठं वापरायचं तेही कळतं. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये फूर्निये नावाच्या टाइप कापणाऱ्या कारागिरानं कवितेसाठी अरुंद खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, केले, कारण कवितेची लांब ओळ मध्येच मोडून खाली आणावी लागू नये. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींची पोस्टरं वाढली, तसे तिथल्या फाउंड्रींनी, म्हणजे टाइप ओतणाऱ्या कारखान्यांनी, आधी जाडजूड आणि मग अरुंद टाइप काढले. पण धातूचा मोठा खिळा जड आणि महाग. १८२७ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सनं लाकडी अक्षरं यंत्रावर कापायची पद्धत बसवली आणि मोठी अक्षरं स्वस्त झाली. पोस्टर छापणारा प्रत्येक ओळ कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत भरायचा. शब्द छोटा असेल तर रुंद अक्षर, मोठा असेल तर अरुंद. जुन्या सर्कशीच्या पोस्टरचा जो थाट आपल्याला आठवतो तो याच गरजेतून आला.

पुढं १८९४ मध्ये अमेरिकेतल्या 'सेंच्युरी' मासिकासाठी लिन बॉइड बेंटननं नवं अक्षर कापलं. मासिकाचं पान दोन रकान्यांचं होतं आणि संपादकांना छपाई जास्त ठसठशीत हवी होती, म्हणून ते अक्षर किंचित अरुंद आणि जाड ठेवलं. म्हणजे कविता असो, पोस्टर असो की मासिक, मागचं कारण एकच: रुंदी ठरलेली आहे आणि शब्द लहान करायचा नाही.

या अक्षराचा स्वभाव ताठ, जरा औपचारिक, जुन्या पेढीची आब राखणारा. खाण्याचे पदार्थ, सोन्याचांदीचं काम, नाटक, पुस्तक, यात्रा, वाडा, संस्थेचा शताब्दी सोहळा, इथं ते शोभतं. दवाखान्याची सूचना, लहान मुलांची शाळा, मोबाइलचं दुकान, रस्त्यावरचा दिशादर्शक, इथं नको. तिथं वाचकाला घाई असते किंवा मोकळेपणा हवा असतो.

## देवनागरीचं गणित वेगळं

देवनागरीला सेरिफ नसतात. कुणी काना-वेलांटीच्या टोकाला पट्ट्या चिकटवून 'सेरिफ मराठी' करून दिलं तर घेऊ नका. आपल्याकडे जुनेपणाचा भास तीन गोष्टींतून येतो. पहिली, जाड-बारीक रेघांतला फरक. दुसरी, रेघेचं टोक कसं तुटतं: बोरूनं तिरपं कापल्यासारखं की मशीननं सपाट. तिसरी, 'ग', 'म', 'भ', 'न' या अक्षरांतल्या गाठी भरीव आहेत की पोकळ.

बोरूची कात, म्हणजे टोकाचा तिरपा काप, रोमन कलमाच्या उलट बाजूला असते. म्हणून रोमन अक्षरात जी तिरपी रेघ जाड होते ती देवनागरीत बारीक होते, आणि तिथं बारीक असलेली इथं जाड. रोमन फॉन्ट समोर ठेवून त्याच्यासारखीच जाडी मराठीला देणारी अक्षरं म्हणूनच परकी वाटतात. काय चुकलंय ते वाचकाला सांगता येत नाही, पण डोळ्याला खटकतं. हाताशी चांगला नमुना हवा असेल तर जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची जुनी पुस्तकं पाहा. हा छापखाना मुंबईत १८६९ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या टाइपाचं वळण पुढं कितीतरी वर्षं मराठी-संस्कृत छपाईचं प्रमाण मानलं गेलं. खानदेशातल्या जुन्या वाचनालयांत कपाटाच्या खालच्या फळ्यांवर अशी पुस्तकं शोधली तर मिळतात. भिंग घेऊन एक पान नीट पाहा. त्यातून जे समजतं ते स्क्रीनवर शंभर फॉन्ट पाहून समजत नाही.

आता दाबण्याचा प्रश्न. समजा शीर्षकातल्या कान्याची जाडी १० मिलिमीटर आहे आणि शिरोरेषेची ८. तुम्ही अक्षराची रुंदी ६० टक्क्यांवर आणली. काना झाला ६ मिलिमीटर. शिरोरेषा आडवी असल्यामुळे तिची जाडी ८ च राहिली. आधी दांडा जाड आणि शिरोरेषा हलकी होती; आता शिरोरेषा जड आणि दांडे काटक्यांसारखे. सगळा शब्द वरून दबल्यासारखा दिसतो. शिवाय पोकळ्या बुजतात त्या वेगळ्याच. अक्षर काढणारा कलाकार अरुंद रूप काढताना दांडा मुद्दाम जाड ठेवतो, शिरोरेषा हलकी करतो, गाठी लहान करतो आणि वेलांटीचा पट्टा नव्यानं बेततो. ॲपल कंपनीनं १९८४ पासून आपल्या जाहिरातींत आयटीसी गॅरामाँड हा फॉन्ट सुमारे ८० टक्के रुंदीला आणून वापरलं, पण तेवढ्या अरुंदपणासाठीही पुढं फाउंड्रीकडून अक्षराचं रूप दुरुस्त करून घ्यावं लागलं.

अगदी नाइलाज असेल तर सरळ दाबायची मर्यादा ९० टक्के धरा. त्याखाली नाही.

## चार नावांची परीक्षा

फॉन्ट अरुंद आणि देखणा आहे म्हणून लगेच घेऊ नका. मी कुठलाही नवा अरुंद देवनागरी फॉन्ट आला की आधी त्यात हे चार शब्द टाइप करतो: खानदेश, बोदवड, धरणगाव, भडगाव.

'ख' हे अक्षर दोन तुकड्यांचं. अरुंद करताना त्यांचं खालचं जोडकाम सुटलं तर 'खानदेश'चं 'रवानदेश' होतं. 'ब' आणि 'व' यांत फरक फक्त पोटातल्या तिरप्या रेघेचा. पोट अरुंद झालं की ती रेघ शाईत बुडते आणि 'बोदवड'चं 'वोदवड' दिसतं. 'ध' आणि 'घ' यांचा फरक डाव्या वरच्या कोपऱ्यात. तिथली गोलाई आखडली तर 'घरणगाव'. आणि 'भ'ची गाठ शिरोरेषेला चिकटली तर आपलं भडगाव थेट गोव्यातलं मडगाव होतं. हे चारही शब्द तुम्हाला वापरायच्या मापात छापून, हातभर अंतरावरून नि:संदिग्ध वाचता आले, तर फॉन्ट अर्धा पास.

उरलेली अर्धी परीक्षा जोडाक्षरांची आणि वरखालच्या चिन्हांची. 'अक्कलकुवा' लिहा. यातला 'क्क' एकाखाली एक रचलेला असेल तर रुंदी वाचते पण उंची लागते, शेजारी रचलेला असेल तर उलट. अरुंद फॉन्टला पहिला प्रकार शोभतो. 'शिंदखेडा' लिहून पाहा की पहिल्या वेलांटीचा पट्टा 'श'वर नीट पोचतो का आणि अनुस्वार त्यात अडकतो का. 'दोंडाईचा', 'साक्री', 'मुक्ताईनगर' हेही टाइप करा. 'केऱ्हाळे' टाइप करून 'ऱ्ह' बरोबर येतो का ते बघा. बऱ्याच फॉन्टमध्ये तिथं रफार येतो, आणि मराठी वाचकाला ते चालत नाही.

मग 'ल' आणि 'श'. मराठीतला 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा. बरेच फॉन्ट मुळात हिंदी वळणाची रूपं देतात. काहींत मराठी रूपं आत असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी निवडल्याशिवाय बाहेर येत नाहीत. 'जळगाव जिल्हा' आणि 'शहादा' या शब्दांत ते लगेच कळतं.

## कुठले फॉन्ट घ्यावेत

देवनागरीत अरुंद, जाड-बारीक रेघांचा आणि सहज मिळणारा पर्याय म्हणजे नोटो सेरिफ देवनागरी. त्याच्या व्हेरिएबल फाइलमध्ये रुंदीची पट्टी आहे. १०० पासून ६२.५ पर्यंत खाली आणता येते, आणि जाडीही स्वतंत्र बदलता येते. इथं सरकपट्टी ओढली तरी अक्षर दाबलं जात नाही, कारण अरुंद टोकाचं रूप वेगळं रेखाटलेलं आहे. माझ्या मते ७५ च्या आसपास ते सगळ्यांत चांगलं दिसतं. ६२.५ फक्त फार मोठ्या मापासाठी. त्याचा चेहरा जरा सरकारी आहे, जुन्या पोस्टरचा गोडवा त्यात नाही, हे मान्य करून वापरावा.

गोडवा हवा असेल तर रोझा वन पाहा. जाड-बारीकचा फरक त्यात भरपूर आहे, पण तो अरुंद नाही. दोन-तीन अक्षरांच्या शब्दाला घ्या. खंड, तेको आणि प्रगती नॅरो हे फॉन्ट खरोखर अरुंद आहेत, पण एकसारख्या जाडीचे, आधुनिक थाटाचे. जुन्या वळणाच्या शीर्षकाखाली तारीख-वेळ-ठिकाण देण्यासाठी ते उपयोगी पडतात. लहान मजकुराला तिरो देवनागरी मराठी घ्यावा. त्यात मराठी रूपं मुळातच आहेत, ती वेगळी शोधावी लागत नाहीत.

रोमनसाठी इन्स्ट्रुमेंट सेरिफ हा अरुंद, जुन्या वळणाचा फॉन्ट मोफत आहे, पण त्यात देवनागरी नाही आणि जाडीही एकच. जास्त प्रकार हवे असतील तर नोटो सेरिफ डिस्प्ले. त्यात अरुंद रुंदी आणि बऱ्याच जाड्या आहेत.

हे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. धंद्याच्या कामाला, पाकिटावर, पाटीवर, बोधचिन्हात बिनपैशानं वापरता येतात. फक्त फॉन्टची फाइल एकटीच विकता येत नाही. विकतचा फॉन्ट कुणाच्या पेन ड्राइव्हवरून उचलू नका. उद्या त्या पाकिटाचा माल परराज्यात गेला, कंपनी मोठी झाली, की हिशेब मागितला जातो, आणि ज्यानं तो फॉन्ट काढला त्याच्या मेहनतीचाही तो प्रश्न आहे.

## एक काम सुरुवातीपासून: केळी वेफर्सचं पाकीट

पाकीट घ्या साधारण १५० मिलिमीटर रुंद आणि २३० उंच. आधी मापं काढा, आणि ती रिकाम्या पाकिटाची काढू नका. माल भरला की पाकीट फुगतं आणि दोन्ही कडा मागं वळतात. समोरून नीट दिसणारी रुंदी १०० ते ११० मिलिमीटरच उरते. मी १०० धरून चालतो.

मग शब्द ठरवा. 'खानदेशी केळी वेफर्स' हे तीन शब्द तीन ओळींत. सगळ्यांत लांब 'खानदेशी'. सगळं माप त्याच्यावर ठरतं. साध्या रुंदीच्या फॉन्टमध्ये हा शब्द १०० मिलिमीटरमध्ये बसवला तर अक्षराची उंची आखूडच राहते. ७५ च्या रुंदीत तोच शब्द तेवढ्याच जागेत जवळपास एक तृतीयांश जास्त उंच होतो. दुकानाच्या दोरीवर टांगलेल्या वीस पाकिटांत हे एक तृतीयांश फार मोलाचं.

आता मोह होतो तो 'केळी' हा छोटा शब्द ताणून रुंद करायचा, म्हणजे तिन्ही ओळी सारख्या भरतील. ताणू नका. लाकडी अक्षरांच्या काळातली युक्ती वापरा: 'केळी'साठी त्याच फॉन्टची १०० ची रुंदी घ्या आणि माप वाढवा. तेव्हा 'केळी' आपोआप सगळ्यांत मोठं दिसेल, आणि माल केळ्याचाच असल्यामुळे ते योग्यही आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मुख्य शब्द कुठला याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. फक्त जाडी जुळवा. माप वाढलं की रेघाही जाड होतात, म्हणून मोठ्या शब्दाची जाडी एक पायरी खाली आणा. तिन्ही ओळींतले काने मोजपट्टीनं मोजा. जवळपास सारखे आले पाहिजेत.

ओळींमधलं अंतर ही नेहमी फसणारी जागा. इंग्रजी शीर्षकात अरुंद अक्षरांच्या ओळी अगदी चिकटवता येतात, अंतर मापाएवढं किंवा त्याहून कमी ठेवलं तरी चालतं. देवनागरीत वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. म्हणून अंतर मापाच्या सव्वापट ते १.४ पट धरून सुरुवात करा, मग शब्द पाहून कमी करा. आपल्या तीन ओळींत खाली लोंबणारं चिन्ह एकही नाही, म्हणून अंतर बरंच कमी होतं. तेच 'मुक्ताईनगर'च्या खाली 'केळी' आलं असतं तर 'मु'चा उकार आणि 'के'ची मात्रा समोरासमोर आली असती. अंतर फॉर्म्युल्यानं ठरत नाही, कुठलं अक्षर कुठल्या अक्षराखाली येतं त्यावर ठरतं.

अक्षरांमधलं अंतर देवनागरीत वाढवायचं नाही, शून्यावर ठेवायचं. थोडंही वाढवलं तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. खाली इंग्रजीत 'बनाना चिप्स' मोठ्या लिपीत, लहान मापात द्यायचं असेल तर तिथं मात्र अंतर थोडं वाढवा, अरुंद रोमन अक्षरं लहान मापात मोकळी लागतात. एकाच टेक्स्ट बॉक्समध्ये दोन्ही लिपी असतील तर एकीचं अंतर दुसरीला लागतं. दोन वेगळे बॉक्स करा.

दोन्ही लिपी शेजारी येतात तेव्हा एकाच पॉइंट मापात मराठी बहुधा लहान दिसते. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची आणि रोमन मोठ्या अक्षराची उंची मोजून जुळवा. मराठी सहसा दहा-पंधरा टक्के वाढवावी लागते.

मागच्या बाजूचा मजकूर, म्हणजे घटक, वजन, किंमत, पत्ता, यासाठी अरुंद जाड-बारीक अक्षर अजिबात नको. तिथं साधं, मोकळं, एकसारख्या जाडीचं अक्षर घ्या.

शेवटी खऱ्या मापात काळ्या-पांढऱ्यात प्रिंट काढा, जुन्या भरलेल्या पाकिटावर चिकटवा आणि दुकानातल्या इतर पाकिटांच्या रांगेत टांगा. स्क्रीनवर सपाट दिसणारं शीर्षक फुगीर पाकिटावर दोन्ही टोकांनी वळतं, आणि अरुंद अक्षर तिथं आणखी अरुंद भासतं. पहिला 'खा' आणि शेवटचा 'शी' स्पष्ट दिसतो का बघा. नसेल तर माप कमी करा. रुंदी आणखी घटवू नका.

## बाकीची कामं

यात्रेचं पोस्टर हे या अक्षराचं माहेर. तापीकाठच्या सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतला घोडेबाजार घ्या. उभा कागद, वर मोठं नाव, मध्ये घोड्याचं एकरंगी चित्र, खाली तिथी. प्रत्येक ओळ कडेपर्यंत भरायची जुनी पद्धत इथं मनापासून वापरावी. कानबाईच्या उत्सवाच्या फलकालाही ते शोभतं, पण तिथं अरुंद अक्षर एकाच ओळीला, 'कानबाई मातेचा उत्सव' एवढ्यालाच द्यावं. भजनी मंडळांची नावं साध्या अक्षरात.

स्मरणिकेला आणि दिवाळी अंकाला ते छान जमतं, विशेषतः विषय जुना असेल तर. १९३६ चं फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन, किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या जुन्या संस्थेचा इतिहास, असं काही मुखपृष्ठावर असेल तर हे अक्षर काळ सांगायचं अर्धं काम स्वतःच करतं. तिथं मग जुना कागद, डाग, फाटकी कड असली सजावट घालू नका. अक्षर पुरे.

लग्नपत्रिकेत वधूवरांची नावं अरुंद अक्षरात उंच आणि देखणी दिसतात. पण आपल्याकडच्या पत्रिकेत आशीर्वाद, निमंत्रक, विनीत, हळद, मांडव मिळून नावांची मोठी यादी असते, आणि ती सगळी बसवायला ऑपरेटर अरुंद फॉन्टकडे वळतो. ही यादी वाचणारी माणसं बहुतेक साठीच्या पुढची असतात आणि आपलं नाव शोधत असतात. त्यांच्यासाठी १२ पॉइंटच्या खाली जाऊ नका, रुंदी साधी ठेवा, दोन रकाने करा किंवा पान वाढवा.

दुकानाची पाटी बहुतेक वेळा आडवी असते, लांब आणि बुटकी. तिथं अरुंद अक्षर घेतलं तर दोन्ही बाजूंना मोकळी जागा उरते आणि नाव मध्येच अडकल्यासारखं दिसतं. आडव्या पाटीला रुंद अक्षरच हवं. अपवाद लांब नावांचा, 'कृषी सेवा केंद्र' किंवा 'ॲग्रो एजन्सीज' शेवटी असलेल्या. तिथं मुख्य नाव रुंद ठेवा आणि मागचा भाग अरुंद करा. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पाटीवर मराठी देवनागरी अक्षरं लागतात आणि ती इतर लिपीच्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. अरुंद मराठी आणि रुंद इंग्रजी अशी जोडी केली तर उंची सारखी असूनही मराठी दुय्यम दिसते. हे नियमाच्या दृष्टीनंही धोक्याचं आणि मनालाही न पटणारं.

अंतराचा हिशेब पाटी करणारे असा धरतात: दर दहा फुटांना एक इंच अक्षराची उंची असेल तर आरामात वाचता येतं. हा हिशेब साध्या अक्षराचा. अरुंद आणि जाड-बारीक असेल तर दीडपट धरा. भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हात चकचकीत फ्लेक्सवर बारीक रेघा दिसतच नाहीत, म्हणून मॅट कापड घ्या आणि जाडी एक पायरी वाढवा.

## शाई आणि कागद

या अक्षराची कमजोरी म्हणजे बारीक रेघा. ऑफसेटवर चांगल्या कागदावर पाव पॉइंटची रेघ टिकते, पण गडद रंगात पांढरं अक्षर सोडायचं असेल तर चारी बाजूंनी शाई आत सरकते. तिथं सर्वांत बारीक रेघ अर्ध्या पॉइंटच्या खाली नको. वर्तमानपत्राच्या कागदावर त्याहून जास्त.

केळीच्या निर्यातीचे खोके पन्हाळी पुठ्ठ्याचे असतात आणि त्यांवर रबरासारख्या लवचीक प्लेटनं छपाई होते. पुठ्ठा शाई पितो, दाबानं अक्षर पसरतं, आणि पुठ्ठ्याच्या लाटांमुळे बारीक रेघ कुठं जाड, कुठं गायब होते. खोक्यावर जाड-बारीक फॉन्ट नकोच. खंड किंवा तेकोसारखं एकसारख्या जाडीचं अरुंद अक्षर घ्या. ओळख कायम राहावी म्हणून पाकिटावरचं जुन्या वळणाचं नाव खोक्यावरही हवं असा गिऱ्हाइकाचा आग्रह असेल, तर त्याच नावाच्या बारीक रेघा हातानं जाड करून खोक्यासाठी वेगळी फाइल करा.

सोनेरी फॉइलसाठीही तेच; फॉइल बारीक रेघेवर तुटतं आणि छोट्या पोकळ्या भरून टाकतं. पत्रिकेवरची नावं फॉइलमध्ये हवी असतील तर छपाईवाल्याकडून आधी एक नमुना मागून घ्या.

## सॉफ्टवेअर आणि फाइल

युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेताचा, फॉन्ट जुन्या कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की जोडाक्षरं फुटतात, वेलांटी अक्षराच्या मागं जाते. म्हणून कितीतरी दुकानांत अजून जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले फॉन्ट चालतात, आणि त्यांत खऱ्या अर्थानं अरुंद रूपं फार कमी असल्यामुळे दाबादाबी होते. कोरल बदलणं शक्य नसेल तर शीर्षक इंकस्केपमध्ये तयार करा. ते मोफत आहे आणि देवनागरी नीट जोडतं. तिथं अक्षरांचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांमध्ये, रूपांतर करून फाइल कोरलमध्ये आणा.

इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात जाऊन इंडिक पर्याय दाखवा असं निवडा. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा. हे न केल्यास चांगला फॉन्टही चुकीचा दिसतो आणि दोष फॉन्टला लागतो. वेबसाइटवर व्हेरिएबल फॉन्टची रुंदी सीएसएसच्या फॉन्ट-स्ट्रेच या गुणानं टक्क्यांत देता येते, आणि पानाची भाषा मराठी अशी नोंदवली तर ज्या फॉन्टमध्ये मराठी 'ल' आणि 'श' आत आहेत त्यांत ते आपोआप येतात.

छापायला देताना दोन फाइली द्या: एक पाथ केलेली पीडीएफ आणि एक मूळ, ज्यात मजकूर बदलता येतो. पाथ केलेल्या फाइलमध्ये शुद्धलेखन दुरुस्त होत नाही, म्हणून पाथ करण्याआधी प्रूफ गिऱ्हाइकाकडून कागदावर सही घेऊन पक्कं करा. सहीच्या प्रतीवर फॉन्टचं नाव, रुंदीचा आकडा, जाडी आणि माप पेननं लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तेच पाकीट नव्या वजनात छापायला येईल तेव्हा ऑपरेटर दुसरा असेल, आणि हे चार आकडे नसतील तर तो पुन्हा नेहमीचा फॉन्ट घेऊन दाबायला बसेल.